रंग आधी येता, माती मागाहून शिजता: कुंभारवाडीची माती इन्फ्रारेडखाली

खाडीकाठची
१२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं पण आधी परीक्षा, मग आंब्याचे दिवस, मग पाऊस, असं करत राहूनच गेलं. आज दुपारपासून लाईट नाही, आत्ता आली, म्हटलं बसूयाच.

आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर कुंभारवाडी आहे. तिथल्या एक काकी अजून मडकी घडवतात, माठ, परळ, पणत्या, नवरात्रातले घट. आवा थंड झाल्यावर त्या एकेक मडकं राखेतून बाहेर काढतात, पदराने पुसतात आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवून त्यावर टकटक करतात. खणखणीत वाजलं की मडकं उजवीकडे, बद्द वाजलं की डावीकडे. रंगाकडे बघतसुद्धा नाहीत. मी एकदा डावीकडचं एक उचललं, मस्त लालबुंद होतं, म्हटलं काकी हे तर चांगलं भाजलंय, हे का बाजूला काढलंत? त्या म्हणाल्या, "रंग काय गो, रंग आधी येता. माती मागाहून शिजता."

हे वाक्य डोक्यातून जाईना. मी केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप आला की माती शिजते म्हणजे नक्की काय होतं आणि ते डोळ्यांना दिसत नसेल तर दाखवायचं कसं. उत्तर म्हणजे एफटीआयआर, इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या लाल जमिनीतल्या चिकणमातीत मुख्य खनिज असतं केओलिनाइट. डोळ्यासमोर पत्रावळींचा गठ्ठा आणा. एकेक पत्रावळ दोन पदरांची, एक पदर सिलिकाचा आणि दुसरा ॲल्युमिनाचा, एकमेकांना टाचलेले. ॲल्युमिनाच्या पदरात ओएच म्हणजे हायड्रॉक्सिल असतात. त्यातला ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला बंध स्प्रिंगसारखा सतत लांबतो-आखडतो, आणि प्रत्येक स्प्रिंगचा आपला ताल ठरलेला. त्याच तालाचा इन्फ्रारेड प्रकाश आला की तो गिळला जातो आणि आलेखावर तिथे खळगा पडतो. केओलिनाइटचे असे चार खळगे आहेत, ३६९७, ३६६९, ३६५२ आणि ३६२० ला (सगळे आकडे प्रति सेंटीमीटर, पुढे नुसता आकडा लिहिते). ३६२० वाला ओएच दोन पदरांच्या मधे असतो, माजघरात बसल्यासारखा. बाकीचे पडवीतले, शेजारच्या पत्रावळीकडे तोंड करून बसलेले. शिवाय खाली ९१४ ला ॲल्युमिनियमला जोडलेल्या ओएचच्या डोलण्याचा एक खळगा, त्याच्या खांद्यावर ९३८, मग १०३२ आणि १००८ ला सिलिकाचे दोन खोल खळगे, आणि ५३८ ला ॲल्युमिनियम-ऑक्सिजन-सिलिकॉनचा. एकदा ही चेहरेपट्टी ओळखीची झाली की केओलिनाइट कुठेही ओळखता येतं.

आता तापवल्यावर काय होतं. उन्हात वाळवून जातं ते नुसतं चिकटलेलं पाणी, तेवढं गेलं तर खनिजाला काही होत नाही, म्हणून तर वाळलेलं कच्चं मडकं पाण्यात टाकलं की परत चिखल. पण साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात शेजारशेजारचे दोन ओएच मिळून पाण्याचा एक रेणू बनतो आणि निघून जातो, मागे एकच ऑक्सिजन उरतो. पदरांची घडण मोडते, ॲल्युमिनियमभोवती सहा सोबती होते ते पाच, चार होतात, आणि जे उरतं त्याला मेटाकेओलिन म्हणतात. ते आता कितीही भिजवा, चिखल होणार नाही. काकी ज्याला शिजणं म्हणतात ते हेच असणार असं मला वाटलं.

म्हणून काकींकडूनच घडणीसाठी मळलेली माती आणली. जाड वाळू खाली बसवून वरचा गढूळ भाग वाळवला, त्याचे भाग केले आणि मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतली बंद भट्टी) प्रत्येकी एक तास ठेवले, २००, ३००, ४००, ४५०, ५००, ५५०, ६००, ७०० आणि ९०० अंशांवर. एक भाग न तापवता. मग प्रत्येकातली १ मिलिग्रॅम पूड २०० मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये अगेटच्या खलात घोटून चकती दाबायची आणि मशीनमध्ये लावायची.

३०० अंशांवर तापवलेल्या नमुन्याची कुपी बघा. मूळ माती पिवळट तपकिरी, आणि ३०० ची लालभडक झालेली! पिवळेपणा गोएथाइटचा असतो, लोहाचं खनिज, त्यातही ओएच असतात, ते २५०-३०० च्या आसपास निघून जातात आणि लाल हेमाटाइट बनतं. स्पेक्ट्रममध्येही ३१४० च्या आसपासचा गोएथाइटचा पसरट खळगा नाहीसा झालेला. आणि केओलिनाइट? चारही खळगे जागच्या जागी, ९१४ जागेवर, जसंच्या तसं. ४०० लाही तेच. म्हणजे मडकं लाल होऊन बसलं पण माती अजून कच्चीच.

४५० अंशांना खळगे उथळ झाले, ५०० ला जेमतेम ओळखू येण्याइतके, ५५० ला ३६९७ ते ३६२० चा अख्खा पट्टा सपाट. ९१४ गेला. १०३२-१००८ ची जोडी विरघळून १०८० कडे सरकलेला एकच पसरट खळगा झाला, ८०० च्या आसपास नवीन पसरट भाग आला. ७०० आणि ९०० मध्ये फार फरक नाही.

मी हे आलेख छापून काकींकडे नेले. त्यांनी चष्मा लावून ३०० आणि ५५० ची ओळ नीट बघितली, बोटाने चार खळग्यांवरून फिरवून म्हणाल्या, "ह्या गेला की वाजता, नाय?"

होय. तेच.

एक चूक सांगते कारण कोकणात कोणीही हे करायला घेतलं तर त्याच्याही वाट्याला येणार. मी पहिली फेरी जूनअखेर केली, भर पावसात. ७०० च्या नमुन्यात ३४०० ला भलामोठा पसरट खळगा आणि १६३० ला दुसरा. मी घाबरले, दोन दिवस वाटत राहिलं की फर्नेसचं तापमानच चुकतंय. मग नुसत्या ब्रोमाइडची चकती लावून बघितली, त्यातही तेच! हवेतली ओल ब्रोमाइड मिठासारखी ओढून घेतं. तेव्हापासून पावडर रात्रभर ११० ला, चकती दाबल्यावर लगेच डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारं बंद भांडं), आणि दर वेळी कोरी चकती आधी.

कोणी असं काही केलं असेल, किंवा माझं काही चुकत असेल तर जरूर लिहा.

सुरंगी
१२ जुलै, रात्री १०:१५

माका ह्यातला अर्धा समाजला नाय पण वाचूक बरा वाटला. काकींका माझो नमस्कार सांग. आमच्या आजीचा पण तसाच, बाजारात माठ घेताना वाजवून घ्यायची, कुंभार म्हणायचा आजी फोडशील, पण ती काय ऐकायची नाही.

जांभाचिरा
१२ जुलै, रात्री ११:०२

ताई, धागा अतिशय आवडला. मी भूशास्त्रवाला, त्यामुळे मातीच्या बाजूने थोडं.

लोकांना वाटतं जांभा म्हणजे नुसता लाल दगड. मूळचा काळा बसाल्ट, त्यावर लाखो वर्षं ऊन-पाऊस, सिलिका, चुना, सोडियम, पोटॅश वाहून गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये मलबारातल्या अशाच दगडाला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून, कारण तो तिथे विटांसारखा कापून वापरत होते. आपल्या चिरेखाणीत आजही तेच चालतं. सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर विहीर खणताना आधी कडक जांभा लागतो आणि त्याखाली पांढरट, गुलाबी, जांभळी डागाळलेली मऊ माती लागते ना, बोटाला साबणासारखी लागते, ती बहुतेक केओलिनाइट. कुंभाराची माती मात्र सहसा सखल भागातली, वाहून आलेली, तिच्यात वाळू, सेंद्रिय, सगळं मिसळलेलं.

प्रश्न असा की तुमच्या नमुन्यात गिब्साइट (ओएच असलेलं ॲल्युमिनियमचं खनिज) होतं का? दापोली-मंडणगडच्या सड्यांवर बॉक्साइट आहे, म्हणजे गिब्साइट आलंच, आणि त्याचाही एक खळगा ३६२० लाच येतो, केओलिनाइटच्या डोक्यावर. गिब्साइट असेल तर ३०० ला ३६२० कमी झालेला दिसेल आणि माणसाला वाटेल केओलिनाइटच मोडायला लागलं.

खाडीकाठची
१३ जुलै, सकाळी ७:२०

दादा, अगदी बरोबर पकडलंत. काकींच्या मातीत नाही, पण मी हौसेने सड्यावरची एक माती पण घेतली होती, तिच्यात ३५२७ आणि ३४५५ ला स्वच्छ खळगे होते, हे दोन केओलिनाइटला नसतात त्यामुळे लगेच कळलं. ३०० ला दोन्ही गायब आणि ३६२० पण थोडा घटला, ३६९७ ला मात्र काही झालं नाही. म्हणून केओलिनाइट मोडलं का हे बघायला मी ३६९७ वर भरवसा ठेवते, एकट्या ३६२० वर नाही.

उलट बाजूने पण ३६२० फसवतो. मातीत इलाइट (अभ्रकाच्या जातीचं चिकणमातीचं खनिज) किंवा अभ्रक असेल तर त्यांचा ओएच जास्त चिवट, केओलिनाइट गेल्यावरही ३६२० ला एकटाच खळगा मागे राहतो.

मोजपट्टी
१३ जुलै, दुपारी १:३५

लेखन चांगलं आहे पण काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात, राग मानू नका.

१. घोटणं किती वेळ केलंत? केओलिनाइट कोरडं जास्त वेळ घोटलं तर नुसत्या घोटण्यानेच त्याची घडण मोडते आणि ओएचचे खळगे उथळ होतात, न तापवता. म्हणजे एक नमुना दोन मिनिटं आणि दुसरा दहा मिनिटं घोटला असेल तर तुम्ही तापमान मोजत नाही आहात, मनगट मोजताय.

२. चकतीची जाडी आणि वजन दर वेळी तंतोतंत सारखं येत नाही, मग खळगा "उथळ झाला" हे कशाच्या मानाने?

३. फर्नेसमध्ये एक तास स्थिर ५५० आणि उघड्या आव्यात पेंढा भडकून दहा मिनिटं ७५० जाऊन खाली येणं, या दोन्हीचा परिणाम सारखा दिसू शकतो. त्यामुळे आव्यातल्या मडक्याबद्दल "हे अमुक अंशाला भाजलं" असं म्हणता येत नाही.

४. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजाची रचना तपासणं, केलंत का? मेटाकेओलिनला धड रचना नसते, एक्सआरडीत केओलिनाइटची ७.१५ अँगस्ट्रॉमची रेषा जाते आणि उरतो नुसता उंचवटा. दोन्ही जुळलं तर बोलणं पक्कं.

खाडीकाठची
१३ जुलै, रात्री ८:५०

राग कसला, याचसाठी तर धागा काढला. एकेक लिहिते.

घोटण्याचं मला पहिल्या फेरीत माहीत नव्हतं आणि तेव्हाचे आलेख मी टाकून दिले. आता नमुना आधी दोन-तीन थेंब स्पिरिटमध्ये ओला घोटते, घड्याळ लावून तीन मिनिटं, सगळे सारखे. फार कमी घोटलं तरी पंचाईत, कण दोनेक मायक्रॉनच्या वर राहिले की प्रकाश विखुरतो आणि खळग्याची एक बाजू वाकडी दिसते.

जाडीचं म्हणाल तर आपल्या मातीत वाळूचे बारीक कण असतातच, म्हणजे क्वार्ट्झ. त्याची ७९८-७७९ ची जोडी ९०० अंशांपर्यंत जागची हलत नाही. ५७३ ला क्वार्ट्झ रूप बदलतो पण थंड होताना परत पूर्ववत होतो. म्हणून मी ३६९७ चा खळगा ७७९ च्या मानाने मोजते. ७९८ घेत नाही, गोएथाइटचा एक खळगा ७९५ च्या जवळ येतो आणि तापवल्यावर तो गेला की मापच हलतं.

वजनघट बघितली होती. शुद्ध केओलिनाइटचं या बदलात १३.९६ टक्के वजन जातं. आमच्या मातीचं कमी गेलं, वाळूमुळे तसंच व्हायला हवं, आणि ४५० ते ५५० च्या मधे उडी होती, ती स्पेक्ट्रमशी जुळली. एक्सआरडी नाही केलं, आमच्याकडे मशीन नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर नंतर लिहिते, आव्यातले तुकडे आणलेत.

पडवी
१३ जुलै, रात्री ९:३०

एटीआरवर का नाही केलंत? नुसती पूड हिऱ्यावर दाबायची, ब्रोमाइड नको, ओल नको. आमच्याकडे औषधं तपासायला तेच वापरतो.

मोजपट्टी
१३ जुलै, रात्री ९:५५

@पडवी, चालतं, पण एटीआरमध्ये प्रकाश नमुन्यात किती खोल जातो ते तरंगलांबीवर ठरतं. ३६०० च्या बाजूला तरंगलांबी कमी, म्हणून नेमके ओएचचेच खळगे फिके येतात. शिवाय जोरदार खळगे थोडे खालच्या आकड्याकडे सरकलेले दिसतात, त्यामुळे एटीआरचा आलेख ब्रोमाइडच्या आलेखाशेजारी ठेवून तुलना करू नये. सगळं एटीआरवर किंवा सगळं ब्रोमाइडमध्ये, मिसळ नको.

@खाडीकाठची, क्वार्ट्झचं माप आवडलं. माझे पहिले दोन आक्षेप मागे.

कातळसडा
१४ जुलै, सकाळी ११:१०

मी रत्नागिरीकडचा. कातळशिल्पं बघत सड्यांवर फिरतो. खाली वाडीत नांगरताना शेतात जुनी खापरं निघतात, जाड, काळी-तांबडी. त्यांची माती अशी तपासून ती किती तापमानाला भाजली हे कळेल का? आणि किती जुनी तेही?

खाडीकाठची
१४ जुलै, रात्री ९:०५

आधी एक विनंती, जुनी वस्ती वाटेल अशी जागा असेल तर खापरं उचलू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि पुरातत्त्वाच्या माणसांना दाखवा. कुठल्या थरात कशाच्या शेजारी मिळालं यातच निम्मी माहिती असते आणि ती एकदा हलवली की गेली.

बाकी तापमानाचं. खापरात केओलिनाइटचे चार स्वच्छ खळगे मिळाले तर वाटेल की हे ५०० च्या खालीच भाजलंय, पण थांबा, ते खापर शेकडो वर्षं आपल्या लाल मातीत पुरलेलं आहे, भोकाभोकांत आजूबाजूचं केओलिनाइट भरलेलं असणार! म्हणून वरचा थर खरवडून टाकायचा, आतल्या गाभ्यातून नमुना घ्यायचा, आणि खापराशेजारची मातीही वेगळी तपासायची.

दुसरं, भाजलेली माती हवेतली ओल हळूहळू परत घेते आणि काही ओएच पुन्हा तयार होतात, वर्षानुवर्षं. यावरूनच वय काढायची पद्धत मँचेस्टरच्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. ५०० अंशांपर्यंत तापवून जमा झालेलं पाणी घालवायचं, मग परत वजन किती वेगाने वाढतं ते बघायचं, ही वाढ काळाच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात होते असं त्यांचं म्हणणं. पण ते काम अत्यंत नाजूक वजनकाट्याचं आहे, इन्फ्रारेडवरून वय निघत नाही. आमच्यासाठी त्यातला धडा एवढाच की जुन्या खापरात ३६०० च्या बाजूला थोडासा पसरट खळगा दिसला तर लगेच "कच्चं" म्हणू नये. चार टोकदार खळगे आणि एक पसरट उतार यात फरक करायचा.

मोजपट्टी
१४ जुलै, रात्री ९:४०

शिवाय चुना बघा. कॅल्साइट असेल तर १४३० च्या आसपास, ८७५ आणि ७१२ ला दिसतं. ७००-८५० च्या पुढे ते फुटून जातं. पण जमिनीत पुरलेलं असताना पाण्याबरोबर परत साचतंही, त्यामुळे नुसतं दिसलं म्हणून कमी तापमान असं धरायचं नाही.

वेळवट
१४ जुलै, रात्री १०:२०

चुन्याचा विषय निघाला म्हणून, आमच्याकडे किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करायचे. त्यातही इन्फ्रारेडने काही कळतं का?

खाडीकाठची
१४ जुलै, रात्री १०:४५

हो, बऱ्याच शिंपल्यांत कॅल्साइट नसून अरागोनाइट असतं, तोच कॅल्शियम कार्बोनेट पण वेगळी घडण. त्याला ७१२ च्या जोडीला ७०० ला पण खळगा असतो, आणि ८७५ च्या ऐवजी ८६० च्या आसपास. साधारण ४००-४५० ला तापवलं की अरागोनाइट कॅल्साइट होतं आणि ७०० वाला नाहीसा होतो. वाळूत सापडलेला शिंपला विस्तवात पडला होता का, हे त्यावरून ओळखता येतं.

नांगरट
१५ जुलै, दुपारी २:००

आम्ही अजून भाजावळ करतो. पालापाचोळा, शेण, गवत पसरून रोपांची जागा भाजायची. कृषीवाले सांगतात की नका करू, घरातले जुने सांगतात की तण जळतं आणि रोप जोमाने येतं. यात माती "शिजते" का? शिजत असेल तर ती कायमची बिघडते का?

जांभाचिरा
१५ जुलै, दुपारी ४:३०

फार चांगला प्रश्न. माती उष्णता खाली सहज जाऊ देत नाही, त्यात ओल असेल तर ती उकळून जाईपर्यंत खालचा थर शंभराच्या पुढे जातच नाही. म्हणून जे काही होतं ते अगदी वरच्या पापुद्र्यात. कळायचं कसं तर वरचा अर्धा सेंटीमीटर एका पिशवीत, दोन सेंटीमीटर खालची दुसऱ्या, आणि बांधाच्या पलीकडची न भाजलेली तिसऱ्या. गोएथाइट आणि गिब्साइट गेले असतील तर ३०० च्या आसपास पोचलं होतं, ३६९७ घटला असेल तर ५०० च्या जवळ. तुमच्याकडे तिन्ही जागा आहेत, ताईंकडे मशीन आहे.

खाडीकाठची
१५ जुलै, रात्री ८:१५

@नांगरट, नक्की पाठवा, मी करते. पण यंदाची भाजावळ तर पावसाआधीच झाली, आता वर चिखल कालवला गेलाय. पुढच्या वर्षी भाजल्यावर त्याच दिवशी, पहिल्या सरीच्या आधी काढून ठेवा. रोप जोमाने का येतं त्यात राखेचा आणि तण मरण्याचा भाग वेगळा आहे, तो माझ्या आलेखात दिसणार नाही, तेवढं आधीच सांगते.

ओळंबा
१६ जुलै, सकाळी ९:५०

सिव्हिलवाला आहे, दोन शब्द. तुम्ही ज्याला शिजलेली माती म्हणताय तीच आता सिमेंटमध्ये येतेय. एलसी३ म्हणून प्रकार आहे, क्लिंकर (नेहमीच्या सिमेंटचा भाजलेला मूळ घटक) साधारण ५० टक्के, भाजलेली चिकणमाती ३०, चुनखडी १५, जिप्सम ५. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठाबरोबर आपल्या आयआयटींनी यावर बरंच काम केलंय. माती ७०० ते ८५० ला भाजतात आणि तिच्यात निदान ४० टक्के केओलिनाइट असलं तरी पुरतं, अगदी पांढरीशुभ्र चिनी माती लागत नाही. मेटाकेओलिन चुन्याशी चिकटून घट्ट होतं. आपले जुने गवंडी चुन्यात सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड घालायचे, तत्त्व तेच. आणि तिथेही पंचाईत तीच, कमी भाजलं तर निरुपयोगी, हजाराकडे नेलं तर परत नवी खनिजं बनायला लागतात आणि माती चुन्याशी बोलायची बंद होते.

खाडीकाठची
१६ जुलै, दुपारी ३:३०

@ओळंबा, हे मस्त जोडलंत. ९८० च्या आसपास मेटाकेओलिन अचानक उष्णता सोडतं आणि त्यातून स्पिनेल नावाच्या खनिजासारखी घडण, मग म्युलाइट हे नवं खनिज बनायला लागतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए यांनी १८८७ मध्येच माती तापवताना तापमापीत दिसणारे असे बदल नोंदवून ठेवलेत. काकींच्या आव्याला तिथवर जायची गरज नाही आणि तो जातही नाही.

खाडीकाठची
१९ जुलै, रात्री १०:३०

तिसऱ्या मुद्द्यावर लिहिते म्हटलं होतं, झालं एकदाचं.

काकींनी या आव्यातले पाच तुकडे दिले, मुद्दाम फुटलेल्या मडक्यांचे. दोन मधल्या थरातले, दोन कडेचे, एक अगदी खाली जमिनीला टेकलेला. मडकी सगळी लाल. फुटण्याआधी त्यांनी वाजवून काय ठरवलं होतं ते एका कागदावर लिहून घेतलं, पण तो कागद मी घडी घालून ठेवला आणि आलेख झाल्यावरच उघडला.

मधल्या दोन्हीत ३६९७ नाही, ९१४ नाही. कडेच्या एकात नाही, दुसऱ्यात थोडा. खालच्या तुकड्यात बाहेरच्या अंगाला ३६९७ बराच घटलेला, पण आतल्या काळ्या गाभ्यात जवळजवळ पूर्ण शिल्लक. तो काळा भाग कोळशाचा, हवा पोचली नाही म्हणून सेंद्रिय नीट जळलं नाही. काळा गाभा म्हणजे कच्चंच असं मात्र समजू नका, मधल्या एका तुकड्यातही काळी रेघ होती आणि तरी ३६९७ नव्हता.

काकींच्या कागदावर: मधले दोन आणि कडेचा एक "बरो", कडेचा दुसरा "मधलो", खालचा "बद्द".

पाचही जुळले. पाच तुकड्यांवरून मोठा दावा करता येत नाही हे मला कळतं, पण मी कागद उघडला तेव्हा हात थरथरत होता एवढं खरं.

आणि मोजपट्टी म्हणाले तसं, यातला कुठलाही तुकडा "अमुक अंशाला" भाजला असं मी म्हणणार नाही. फर्नेसमध्ये एक तास ठेवलेल्या याच मातीच्या कुठल्या पायरीशी तो जुळतो एवढंच म्हणेन. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं, पुस्तकातल्या शुद्ध केओलिनाइटचे आकडे आपल्या मातीवर चिकटवू नका. प्रत्येक कुंभारवाडीची माती वेगळी, कुठे अभ्रक, कुठे गिब्साइट, कुठे खाडीचं मीठ. आपल्या मातीची तापमानाची शिडी आपणच करायची, मग खापर त्या शिडीवर ठेवून बघायचं.

मोजपट्टी
१९ जुलै, रात्री ११:१०

कागद घडी घालून ठेवलात हे फार चांगलं केलंत. पाचही तुकड्यांची उरलेली पूड जपून ठेवा. माझ्या ओळखीत एक्सआरडी आहे, शिडीचे दहा आणि हे पाच, पंधरा नमुने मी चालवून आणतो. प्रत्येकी अर्धा ग्रॅम पुरे.

सुरंगी
२० जुलै, सकाळी ८:००

आमच्या वाडीत पण एक कुंभार आजोबा आसत, मालवणच्या बाजूक. त्यांची माती काळसर, खाडीच्या कडेची. ते म्हणतात त्यांच्या मातीला जास्त जळण लागतं. आणू काय?

खाडीकाठची
२० जुलै, सकाळी ८:२५

आण गो आण! मळलेली नको, खणलेली आण, किलोभर, आणि एक त्यांचं फुटकं मडकं. जळण कुठलं वापरतात, पेंढा, शेणी की नारळाची सोडणं, आणि आवा किती वेळ धगधगतो ते विचारून पिशवीवर पेनाने लिही, शाई पुसेल म्हणून वर दुसरी प्लास्टिक पिशवी. शुक्रवारी सकाळच्या एसटीने पाठवलीस तर मी स्टँडवर येऊन घेते. आजोबांना विचार, वाजवून बघतात का तेही.